आतल्या शिवणीतला धागा

४ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी फोन केला की बाबा तो स्पीकरवर टाकतात आणि आपलं दोघींचं बोलणं म्हणजे जाहीर सभा होते. अध्यक्ष तेच, वक्तेही तेच. परवा मी तुला विचारलं, "खोकला कसा आहे?" उत्तर बाबांनी दिलं, "उत्तम!" आणि मागे तू खोकत होतीस. मेसेज केला तर तोही तेच मोठ्याने वाचून दाखवतात. तेव्हा आता पत्रंच बरी. खोकला न येता तुला हवं तेवढं बोलता येईल.

नोकरी मला आवडली आहे. आमची खोली इस्पितळाच्या मागच्या अंगाला आहे, रुग्ण इथे कधीच येत नाहीत. त्यांच्या शरीरातून काढलेलं मात्र सगळं येतं. नखाएवढा तुकडा असो की अख्खा अवयव, डॉक्टरांनी काढला की तो आमच्याकडे तपासायला आलाच पाहिजे. आम्ही तो मेणात बसवतो, मेणाचा ठोकळा यंत्रावर कापतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप कोमट पाण्यावर तरंगवतो आणि काचेवर अलगद उचलून रंगवतो. मग आमच्या डॉक्टर बाई तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि आजाराचं नाव सांगतात. ज्या माणसाला आपण कधी पाहिलं नाही, त्याच्याबद्दलचं सगळ्यात खरं वाक्य आमच्या खोलीत लिहिलं जातं. मला याचा फार अभिमान वाटतो. हसू नकोस.

तुझ्या खोकल्याचा मी विचार केला. तुझं दुकान एवढंसं, खिडकी एक, आणि तू दिवसभर रफूसाठी लोकांच्या जुन्या कपड्यांचे धागे उसवत बसतेस. त्या कपड्यांतली धूळ आणि तंतू नाकातोंडात जाणारच. हा धुळीचा खोकला आहे. तोंडाला मास्क लाव, दुकान ओल्या फडक्याने पुसून घे.

आणि एक विचारते. पूर्वी तुला काही मोठा आजार झाला होता का? ते खड्याचं ऑपरेशन सोडून. औषध देणाऱ्याला सगळं माहीत हवं.

सोबत माझा पांढरा कोट पाठवते आहे. रसायन सांडून खिशाजवळ भोक पडलं. तुझ्याशिवाय कोणाकडे देणार?

तुझी


१५ जानेवारी

शहाणे,

तुझं पत्र शेजारच्या इस्त्रीवालीने आणून दिलं. पाकीट उलटसुलट करून म्हणते, "कोणाचं गं? प्रेमपत्र आहे की काय?" मी म्हटलं, "हो ना, तरुणपणी टाकलेल्या पत्राचं उत्तर आत्ता आलंय."

तू धूळ म्हणालीस हे जेवताना दादासमोर माझ्या तोंडून निघून गेलं. ती माझी घोडचूक. तुझ्या बापाच्या लेखी तू घरातली पहिली पदवीधर, म्हणजे तुझा शब्द डॉक्टरांच्या वर. तो चालवतो त्या शाळेच्या बसमधल्या बाईंनाही सांगतो, "डॉक्टर फक्त औषध देतात, आजार कोणता ते आमची मुलगी ठरवते." रविवारी तो स्वतः येऊन दुकान धुऊन गेला. खिडकीला ओली चादर टांगली. मला मास्क लावून बसवलं आणि गिऱ्हाईक येईल तसं प्रत्येकाला कपडे बाहेर झटकून आणायला लावतो आहे. एक गृहस्थ आत डोकावून म्हणाले, "काय, ऑपरेशन चालू आहे?" मी म्हटलं, "हो. पेशंट म्हणजे तुमचीच पँट. वाचेल, काळजी करू नका."

पाण्याचा छळ तर चालूच आहे. सहा वर्षांपूर्वी खड्याने माझी एक किडनी गेली, तेव्हापासून तो रोज सकाळी तो मोठा पेला भरून माझ्यासमोर उभा राहतो. मी संपवल्याशिवाय हलत नाही. बसमधल्या पोरांनाही उतरताना बजावतो, "पाणी प्या रे, खडे होतात." पोरं त्याला पाणीकाका म्हणतात.

तुझा कोट परत पाठवते आहे. भोक कुठे होतं ते शोधून दाखव. रफूत पहिली गोष्ट म्हणजे बाहेरचा धागा आणायचा नाही. कितीही जुळता रंग आणलास तरी उन्हात चोरी पकडली जाते. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतला धागा काढायचा आणि फाटल्या जागी विणायचा. धागा जागा बदलतो, पोत बदलत नाही.

खोकला आहे तसाच आहे. एक गंमत सांगते. झोपल्यावर छातीत शिटी वाजते, पण फक्त डाव्या बाजूला. डाव्या कुशीवर वळले की वाजते, उजवीकडे वळले की बंद. जणू डावीकडे कोणी पाहुणा राहायला आलाय आणि त्याला गाण्याची हौस आहे.

वेळेवर जेव. केस बांधून काम कर, मेणात पडतील.

तुझी आत्या


२७ जानेवारी

प्रिय आत्या,

मी हरले! कोट खिडकीशी धरला, दिव्याखाली धरला, हाताने चाचपला. भोक सापडलं नाही. शेवटी बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "असा हात मला टाके घालणाऱ्या सर्जनमध्येही फार थोड्यांचा दिसला." मी दिवसभर हवेत होते.

बाबांचं ऐकून हसले, पण खरं सांगू, मला बरंही वाटलं. आपल्या घरात कोणीतरी पहिल्यांदा कारण शोधून उपाय करतं आहे. आपण लोक आजाराला फार घाबरतो. नाव घेत नाही, कुजबुजतो, दडवतो. आई गेली तेव्हा मी शाळेत होते, आणि तिला काय झालं होतं ते मला शेजारच्या मुलीकडून कळलं. ते मी विसरलेले नाही. लपवल्याने कोणाचंही भलं होत नाही, हे इथे मला रोज दिसतं. मी ठरवलं आहे, माझ्या घरात पुन्हा कोणी कोणापासून काही लपवणार नाही.

शिटीचं म्हणशील तर धूळ एका बाजूला जास्त बसली असेल. मास्क सोडू नकोस, आणखी थोडे दिवस जाऊ देत.

मागच्या पत्रात एक विचारलं होतं, पूर्वीच्या आजाराबद्दल. त्याचं उत्तर राहिलं तुझं.

तुझी


२० फेब्रुवारी

शहाणे,

उत्तराला उशीर झाला. एका लग्नाच्या कोटाची बाही उंदराने खाल्ली होती आणि नवरदेव दुकानात ठाण मांडून बसला होता. मी बाही करत होते आणि तो मला लग्न करू की नको ते विचारत होता. बाही झाली. लग्नाचं मला माहीत नाही.

मी बरी आहे. दुकानाचा जिना चढताना मध्ये थांबते, एवढंच. पूर्वी नव्हते थांबत, पण पूर्वी मी तरुणही होते.

दादा मला आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. डॉक्टर मला विचारतात आणि उत्तरं दादा देतो. खोकला कधीपासून? दादा सांगतो. भूक लागते का? दादा सांगतो. पूर्वी काही? दादा सांगतो, "खडा. किडनी काढली. बाकी काही नाही, ठणठणीत." मी नुसती मान हलवते, दुकानाच्या दारातल्या बाहुलीसारखी. डॉक्टर म्हणाले, छातीचा फोटो काढून घेऊ. दादा म्हणाला, "लागणार नाही. आमच्या मुलीने सांगितलंय, धूळ आहे." डॉक्टरांनी मग दम्याचा फवारा लिहून दिला. फवाऱ्याने काही फरक नाही.

कधी कधी खाकरल्यावर लाल दिसतं, बारीक धाग्याएवढं. घसा सोलवटला असेल.

तुला थंडी वाजते का तिथे? लोकर आणून ठेवली आहे.

तुझी आत्या


२६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र हातात घेऊन मी तशीच बाईंच्या खोलीत गेले आणि त्यांना वाचून दाखवलं. एका बाजूची शिटी, फवाऱ्याने न थांबणारी. लाल धागा. बाईंनी मला विचारलं, "हे तुला किती दिवसांपासून माहीत आहे?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "धूळ दोन्ही बाजूंना जाते. दमा दोन्ही बाजूंना वाजतो. एकाच जागी शिटी वाजते तेव्हा तिथे नळीत काहीतरी अडकलेलं असतं किंवा वाढलेलं असतं."

मी डॉक्टर नाही. काचेवर काप उचलायला शिकलेली मुलगी आहे. पण माझ्या घराने मला डॉक्टर मानलं आणि मला ते आवडलं.

उद्याच्या उद्या फोटो काढ. बाबांना सांग, मुलगी म्हणाली की धूळ नाही. तिचं चुकलं. आज रात्री मी फोन करून तेच सांगणार आहे. स्पीकरवर सगळ्यांना ऐकू दे.

तुझी


१४ मार्च

शहाणे,

तुझा फोन आल्यापासून दादाने तीनदा दुकान उघडून ती ओली चादर काढली आणि तीनदा परत लावली. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी तिचं त्याने बस पुसायचं फडकं केलं. तुझ्यावर तो रागावलेला नाही. "पदवीधरांचंही चुकतं म्हणजे आपलं चुकलं तर काय मोठंसं," असं म्हणून उलट जरा खूश झाला.

फोटोत डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग मिटलेला दिसला. मग मोठ्या इस्पितळात दुर्बीण घातली. बोटाएवढी जाड असेल असं वाटलं होतं, पण शिवणाच्या दोरीएवढी निघाली. घशात औषध मारून नाकातून आत. पडद्यावर मला माझ्या श्वासाच्या नळ्या दिसल्या. गुलाबी, ओल्या, आतून बांगड्या घातल्यासारख्या. मी मनात म्हटलं, काय सुरेख अस्तर आहे! मग डावीकडच्या फाट्यात ते दिसलं. गोल, लालसर, वाटाण्याहून मोठं. वाट अडवून बसलेलं. चिमट्याने एवढासा तुकडा घेतला तर रक्त थांबेना. डॉक्टरांची धावपळ झाली. मी ठीक आहे.

इथल्या डॉक्टरांना वाटतं की ती फुप्फुसाचीच गाठ आहे आणि कॅन्सर आहे. तो शब्द त्यांनी उच्चारला तेव्हा दादा उठून पाणी आणायला गेला. बराच वेळ आला नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फुप्फुसाच्या कॅन्सरचं औषध सुरू करायचं ठरलं आहे.

इथे तुकडा तपासायची सोय नाही, तुमच्याकडे पाठवतात. दादा म्हणाला, "बरं झालं, घरचं माणूस आहे."

घाबरू नकोस. घाबरायचं असेल तर काम संपल्यावर घाबर.

तुझी आत्या


१९ मार्च

आत्या,

तुझा तुकडा आला. मी यंत्राशी बसले तर आमच्या ज्येष्ठ तंत्रज्ञांनी, ज्यांना सगळे मेणकाका म्हणतात, माझ्या हातातून ठोकळा काढून घेतला. इथला नियम आहे, आपल्या माणसाचा ठोकळा आपण कापायचा नाही. हात थरथरला तर काप वाया जातो आणि तुझ्या तुकड्यात वाया घालवण्याजोगं काहीच नव्हतं. मी नुसती उभी राहून बघत होते. त्यांनी तुझे काप पाण्यावर सोडले तेव्हा ते एकही सुरकुती न पडता पसरले.

बाईंनी मला बोलावून दाखवलं. पेशी पारदर्शक, आतून रिकाम्या वाटाव्यात अशा, एकमेकींना लागून, खिडक्यांच्या रांगेसारख्या. मधूनमधून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं. बाई म्हणाल्या, "या मला इथल्या वाटत नाहीत. बाहेरून आलेल्या वाटतात."

त्यांनी मला समजावलं ते तसंच लिहिते. दुसऱ्या कुठल्या तरी अवयवातला कॅन्सर कधी कधी रक्तातून प्रवास करत श्वासाच्या नळीत येऊन बसतो. फार वेळा असं होत नाही, पण होतं. स्तनातला, आतड्यातला, किडनीतला. पुष्कळदा मूळ गाठ काढून वर्षं लोटलेली असतात आणि माणूस ती गोष्ट मागे टाकून जगत असतो. तो नळीत वाढतो तेव्हा हुबेहूब फुप्फुसाच्या कॅन्सरसारखा वागतो. तसाच खोकला, तशीच शिटी, तसंच रक्त. पण औषध निराळं लागतं. फुप्फुसाचं औषध दिलं तर त्रास सगळा होतो आणि उपयोग होत नाही. तुकडा एवढा लहान आहे की त्यावर सगळ्या तपासण्या करता येणार नाहीत. काय शोधायचं ते आधी ठरवावं लागेल.

मग त्यांनी विचारलं, "आत्यांचं पूर्वी काही ऑपरेशन?" मी म्हटलं, "एक किडनी काढली आहे, खड्यामुळे." बाईंनी काच पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "काढलेली किडनी कुठल्या तरी लॅबमध्ये गेलीच असेल ना? तिथे काय निघालं होतं?"

मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं की काढलेलं सगळं तपासलं जातं. मी रोज ते काम करते. आणि तुझ्या किडनीचं काय झालं हा प्रश्न मला कधीच पडला नाही.

काल फोन केला. बाबांनी स्पीकरवर घेतला. मी विचारलं, "आत्या, तो नक्की खडाच होता ना?" बाबा म्हणाले, "म्हणजे काय, खडाच!" आणि तू म्हणालीस, "हो गं, खडाच."

तो स्पीकर होता. आता फक्त कागद आहे. औषध सुरू व्हायच्या आत मला खरं सांग. तू दोनदा माझा प्रश्न टाळलास. तिसऱ्यांदा टाळू नकोस. तुझ्या पाया पडते.

तुझी


२४ मार्च

शहाणे,

तुझ्या बाईंना सांग, त्यांची नजर चांगली आहे. खडा नव्हता.

सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा दादा बस लावायला गेला होता. तुला माहीतच आहे त्याला जागा शोधायला किती वेळ लागतो. पुढे घेईल, मागे घेईल, उतरून बघेल, परत चढेल. तेवढ्यात माझं सगळं शिवून झालं. तो आत आला आणि मी म्हटलं, "खडा आहे. किडनी खराब झाली, काढावी लागेल." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "हो, किडनी काढावी लागेल." तेही खोटं बोलले नाहीत, बिचारे.

त्याच आठवड्यात तुझी कॉलेजची जागा पक्की झाली होती. अर्धी भरलेली बॅग दारात होती. मी त्या बॅगेकडे रोज बघत होते. तुला कळलं असतं तर तू ती उघडून कपडे परत कपाटात ठेवले असतेस. "पुढच्या वर्षी जाईन" म्हणाली असतीस. मी त्या घरात तुझी आई गेल्यावर आले. पुढच्या वर्षी म्हणून ठेवलेल्या गोष्टी कपाटातच राहतात हे मी तिथे पाहिलं आहे. आणि दादा तर तो शब्द तुझ्या आईनंतर पुन्हा ऐकूच शकला नसता.

चूक झाली असं मी म्हणणार नाही. माझ्याकडून म्हणवून घेऊ नकोस. तू गेलीस, शिकलीस, कोट घालून उभी राहिलीस. सौदा मला पटला होता, अजून पटतो.

इस्त्रीवालीला ठाऊक आहे. दोन वर्षं तिला घेऊन मी तपासायला जात होते, घरी सांगायचे की धागे आणायला जाते. सगळं ठीक निघायचं. मग ते डॉक्टर बदलून गेले आणि मीही जायचं सोडलं. खोटं इतकं छान बसलं होतं की मलाच त्याची शिवण दिसेना. दादा पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचा आणि मी खरोखर खडा असल्यासारखी प्यायचे.

तू लिहिलंस तसं, एका जागचं दुसऱ्या जागी येऊन बसलं. मला नवल नाही वाटलं. रफूत मी आयुष्यभर हेच केलं. फक्त मी सांधायला धागा न्यायची, हा अडवायला आला. पण पोत लपत नाही, हे बरं आहे. त्यावरून तरी पकडला गेला.

इथल्या डॉक्टरांना तुझ्या बाईंनी कळवावं. जुनं इस्पितळ कुठलं ते या कागदाच्या पाठीमागे लिहिते आहे. दादाला मात्र कोणी काही सांगायचं नाही.

तुझी आत्या


२ एप्रिल

आत्या,

आधी कामाचं. बाईंनी त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांना फोन केला. फुप्फुसाचं औषध थांबवलं आहे. जुन्या इस्पितळाने तुझ्या किडनीचा ठोकळा जपून ठेवला होता, असे ठोकळे टाकत नाहीत. तो आला. बाईंनी दोन्ही काचा शेजारी शेजारी ठेवल्या. मी पाहिलं. कुठली किडनीची आणि कुठली छातीची हे चिठ्ठी वाचल्याशिवाय सांगता आलं नसतं. विशेष रंगांनीही तेच सांगितलं. आता तिथले डॉक्टर नळीतली गाठ आतूनच काढून वाट मोकळी करतील आणि मग किडनीच्या कॅन्सरच्या गोळ्या सुरू होतील.

आता माझं. मी तुझ्यावर इतकी रागावले आहे की पहिली दोन पत्रं फाडली. मी इथे सत्य, सत्य करत बसले होते आणि ज्या पदवीच्या जिवावर ते करत होते ती तुझ्या थापेवर उभी आहे. तू मला विचारलं नाहीस. मी राहिले असते, हे खरं आहे. पण ते ठरवायचा हक्क माझा होता.

काल कोट उलटा केला. खालच्या दुमडीत, आतल्या बाजूने, एक विरळ रेघ सापडली. तिथले धागे गेले आहेत. बाहेरून कोणाला कधी दिसणार नाही. मी ती रेघ बघत बसले आणि मग रागावताही येईना.

राजीनामा लिहून ठेवला आहे. महिनाअखेर येते, कायमची. आणि बाबांना तू सांग. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन. त्यांनी पेला धरायचा आणि तू खडा असल्यासारखं प्यायचं, हे मला यापुढे बघवणार नाही.

तुझी


२४ एप्रिल

शहाणे,

राजीनामा फाड. माझ्या खड्याचं मातेरं करू नकोस.

मोठं पत्र लिहिते आहे, कारण आता लिहिताना मध्ये थांबावं लागत नाही.

ज्या दिवशी गाठ काढायची होती त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून दादाने बसच काढली. एवढ्या मोठ्या रिकाम्या बसमध्ये आम्ही दोघं. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले, म्हणजे तोंड बघायला नको. आणि सांगितलं. आधी किडनीचं, मग बॅगेचं, मग इस्त्रीवालीचं. त्याने वळायचा दिवा लावला आणि बस कडेला घेतली. दिवा तसाच टिकटिक करत राहिला. मागून गाड्या भोंगे वाजवत गेल्या.

मग म्हणाला, "म्हणजे सहा वर्षं मी गावभर लोकांना पाणी पाजत सुटलोय ते फुकट?"

मी म्हटलं, "फुकट कशाला? पाणी चांगलंच असतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू रडला असतास."

"मग?" तो म्हणाला. "रडलो असतो. रडून झाल्यावर बस चालवली असती. पोरीला सोडायलाही गेलो असतो. तुला काय वाटलं, मी रडतच बसलो असतो?"

मला खरंच तसं वाटलं होतं. सहा वर्षांत दुसरं काही सुचलंच नाही. तू हक्काचं लिहिलं होतंस ते मी वाचून बाजूला ठेवलं होतं. बसमध्ये ते पुन्हा आठवलं. तुमच्या दोघांच्या मापाचा कपडा मी तुम्हाला उभं न करताच बेतला होता. चूक म्हणत नाही अजून. पण माप घ्यायला हवं होतं.

मग तो रडला. नंतर बस चालवली. इस्पितळाशी जागा शोधायला नेहमीएवढाच वेळ लावला.

आत डॉक्टरांनी विचारलं, "पूर्वी काही मोठा आजार?" दादाने सवयीने तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिला विचारा."

मला झोपवून त्यांनी आतून गाठ जाळत, तुकड्या तुकड्याने बाहेर काढली. शुद्धीवर आले तेव्हा घसा सोलल्यासारखा दुखत होता. मी भीत भीत श्वास घेतला. तो डावीकडे खालपर्यंत गेला. किती दिवसांनी गेला, शहाणे! मी डाव्या कुशीवर वळून पाहिलं. शिटी नाही. पाहुणा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आजार मुळापासून जाणार नाही, गोळ्यांनी धरून ठेवायचा. किती दिवस ते मी विचारलं नाही, दादाने विचारलं. त्यांनी सांगितलं की नक्की सांगता येत नाही. यावेळी आम्ही दोघांनीही ते ऐकलं, एकाच खोलीत बसून.

तू ये. रजा घेऊन ये. राहायला नको, भेटायला ये, आणि परत जा. तुझ्या खोलीत अजून कोणाकोणाचे तुकडे येतील आणि त्यांच्या घरीही बस लावायला वेळ लावणारा कोणीतरी असेल. तिथे "पूर्वी काय झालं होतं?" हे विचारणारी एक मुलगी हवी. तुला आता तो प्रश्न दोनदा नाही, तीनदा विचारायचा असतो हे माहीत झालं आहे. आणि यायच्या आधी फोन कर. स्पीकरवर असू दे. मला हरकत नाही.

आज सकाळी दुकान उघडलं. निघताना दादा नेहमीसारखा पेला घेऊन समोर उभा. मी म्हटलं, "आता कशाला? खडा नाही ना."

तो म्हणाला, "नव्हताच. तरी पी."

मी सगळा प्यायले.

तुझी आत्या